आधी तू बोल

चिरंजीव बाबू,

'चिरंजीव' सवयीने लिहिलंय, मनापासून नाही.

लहानपणी कपबशी फुटली की तू आधी बोंबलायचास, "ताईने फोडली!" मग फोडली नाही हे मीच सिद्ध करायचं. आता आईचं मृत्युपत्र दाखवून मला तिच्या घरातून काढायला कोर्टात गेलास, तर तुझ्या वकिलाचाही तोच सूर: "ते खोटं आहे, हे आधी बाईंनी दाखवावं."

न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कागद तुम्ही आणलात ना? मग तो खरा असल्याचा पुरावा आधी तुम्ही द्या. त्या नंतर बोलतील."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तुला आधी विचारलं!

कागदावर तारीख गेल्या वर्षीची आणि सही आईची, झोकदार. तिचा उजवा हात त्याआधीच दोन वर्षं लुळा पडला होता. फोनवर तुला ती "बरी आहे" म्हणायची, आणि पेन्शनच्या कागदावर डावा अंगठा लावायची. एकदा जरी तिला बघायला आला असतास, तर निदान अंगठा तरी उमटवला असतास, मेल्या!

तुझी साक्ष होईपर्यंत हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तिने तुझ्यासमोर सही कशी केली, ते आधी तू शपथेवर सांग. अगदी सावकाश सांग.

मी थांबते.

कपबशी न फोडलेली,
ताई