माझ्याच हातचं खाणारी

अहो, तुम्हाला माझा नमस्कार.

ओळखलंत ना? तुमची बायको. कपाळावरचा चष्मा घरभर शोधणाऱ्या माणसाला आठवण करून दिलेली बरी. सूनबाई लिहून घेतेय, तेव्हा तिच्याबद्दल चांगलंच सांगेन.

माझी तब्येत उत्तम आहे. इथे लेकाने घरी हौसेने फेझंटची जोडी पाळली होती. लांब शेपटीचे रानकोंबडेच म्हणा. ही पाखरं दचकली की सरळ वर उसळतात. नर तसाच जाळीच्या छताला डोकं आपटून गेला. मादीच्याही डोक्याला लागलं, तिने दाणापाणी सोडलं. मग मी रोज तीच तपकिरी साडी नेसून, तळहातावर दाणे घेऊन पिंजऱ्यात बसू लागले. शेवटी आली आणि खाल्लं. घरात माझं कोण कौतुक झालं.

आता ती दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही. काल सूनबाईला माझी साडी नेसवून आत बसवलं. मादी फसली नाही. अशी उसळली की डोक्याची जखम पुन्हा उघडली. लेक म्हणतो, "आई, तूच सवय लावलीस, आता तूच मोड." कशी मोडायची, ते मला उमगत नाही.

तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनला येते म्हणाले होते. तिकीट पुढे ढकललंय. रागावलात तरी मला इथून दिसायचं नाही. डोळ्यात थेंब कोण घालेल? शेजारीण येईल का?

कुणी इकडे येणारं असलं तर लिंबाचं लोणचं पाठवा. लहान बरणी पुरायची नाही, मोठीच भरा.