नव्या कॉम्प्युटरचा पासवर्ड

ओजस,

नवा कॉम्प्युटर नीट चालू झालाय. मी केला. आठ दिवस स्क्रीन सारखी लुकलुकत होती, वायफाय दिसत नव्हतं, आणि तू फॅमिली ग्रुपवर खुशाल लिहिलंस, "आईने काहीतरी दाबलं असेल." त्याखाली तुझ्या मामाचे तीन हसरे चेहरे! अरे, तेवीस वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवलाय मी.

प्रोसेसर यंदाचा, आणि तू लिनक्सचं जुनं व्हर्जन टाकलंस तुझ्या कॉलेजच्या वेळच्या पेन ड्राइव्हवरून. का, तर म्हणे आईला सोपं पडेल. ते व्हर्जन निघालं तेव्हा ही चिप बाजारात आलीच नव्हती, मग ते स्क्रीन सांभाळणार कसं? खोक्यावरचा मॉडेल नंबर बघून त्याला कुठलं व्हर्जन चालतं ते शोधायला मला वीस मिनिटं लागली, मग तेच टाकलं. तू शोधलं नाहीस आणि मला विचारलंही नाहीस.

मी कोपरीला क्लासच्या प्रश्नपत्रिका द्यायला गेलेय. आमटी गरम करून घे.

पासवर्ड बदललाय. तुला सोपा पडेल असाच ठेवलाय. इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता: आईनेकाहीदाबलंनव्हतं. दर वेळी पूर्ण टाइप करायचा.

आई