ओल्या बोटाचा वारा

ताई, तुला वाकून नमस्कार.

गच्चीवर चादरी वाळत घालण्याआधी तू ओलं बोट वर धरून वारा बघायचीस, आठवतं?

मी इथे मजेत आहे. लेक सुट्टीला शिडाच्या फळीवर उभा राहून समुद्रात धावतो. किनारा कुठला, हे मात्र त्याच्या सासूबाईंना विचारतो! विहीणबाई म्हणाल्या, "तिथे पार्किंग मिळतं," की ठरलं.

रविवारी मी तुझ्यासारखं ओलं बोट वर धरलं. "अरे, वारा जमिनीकडून आहे, त्यात ओहोटी. आत ओढला जाशील."

"आई, ही काय गच्ची आहे?"

तासाभराने परक्या होडीतून परतला. जीव भांड्यात पडला, आणि खरं सांगते, जरा बरंही वाटलं. आता आधी मला विचारतो.

तुझे गुडघे कसे आहेत?

सोबत तीन फोटो आहेत. माझा तुला, लेकाचा भाऊजींना. विहीणबाई फार छान आल्यात, तो कुणालाच दाखवू नकोस.

तुझी धाकटी