कोट ठेवावा, पँट परत पाठवावी

मी, खाली सही करणारी, पुरुषांच्या तयार कपड्यांच्या दुकानाची मालकीण, लिहून ठेवते की हे लिहिताना माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी माझा हात धरून लिहून घेत नाही, कोणी समोर डोळे वटारून बसलेलं नाही. आमच्या घरात तेवढी छाती कोणाची नाही. वकिलाने एक मसुदा करून आणला होता. तो कुठल्याही बाईला चालला असता, म्हणून मी परत दिला. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालंय आणि अक्षर वाकडं आहे, पण लागतं. ज्याला लागणार नाही त्याने सावकाश वाचावं.

सोमवारी माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतो साधं आहे, आणि मीही तेच म्हणते. मी परत येणार आहे. तरी कागद करून ठेवते, कारण माझ्या सासूबाई कागद न करता गेल्या आणि त्यांच्या एका लाकडी कपाटावरून आमचे हे आणि माझी नणंद यांच्यात अबोला झाला. ते कपाट शेवटी कोणाच्याच घरी गेलं नाही. जिन्याखाली उभं आहे आणि त्यात आम्ही झाडू ठेवतो.

कलम एक. दुकानावरच्या दोन खोल्या माझ्या दोन मुलांच्या नावे, म्हणजे थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा यांच्या, सारख्या वाट्याने. मात्र माझे पती आहेत तोवर त्यांना तिथून कोणी उठ म्हणायचं नाही आणि त्यांची खिडकीजवळची खुर्ची हलवायची नाही. खोली मोठी दिसावी म्हणून सुद्धा नाही. थोरले, हे तुला उद्देशून आहे.

कलम दोन. बँकेतली ठेव दोघांना निम्मी निम्मी. आकडा लिहीत नाही, कारण हा कागद नणंद वाचणार आहे.

कलम तीन. दुकानाच्या मागच्या बाजूला बसून कपडे लहानमोठे करून देणारी आमची शिलाईवाली, तिला शिलाई मशीन. ती त्याच मशीनवर बसून म्हातारी होत चाललीय, मग मशीन दुसऱ्या कोणाचं कसं असेल. मला तिची साक्ष हवी होती. वकील म्हणाला, जिला काही मिळतंय तिची साक्ष चालत नाही. मी तिला विचारलं, मशीन हवं की साक्ष. ती म्हणाली, ताई, सही मला तशीही जमत नाही. मोठी कात्री मात्र थोरलीला. लहानपणी तिने ती पळवून घरातले पडदे कापले होते, तेव्हापासून तिची त्या कात्रीवर नजर आहे.

कलम चार. नणंदेला सासूबाईंचं कपाट. येऊन घेऊन जावं. झाडू आमचे आहेत, ते आधी काढून ठेवावेत.

कलम पाच. दुकान. हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने खाली बसावं.

हे दुकान माझ्या सासऱ्यांचं. त्यांनी ते स्वतःच्या मुलाला सोडून माझ्या नावावर केलं. म्हणाले, हा तोंडात गुळणी धरून बसतो, गिऱ्हाईक कोण ओढणार, तू ओढ. मी ओढलं. नणंद तेव्हा म्हणाली होती की बापाने पोटच्या पोराला डावलून परक्या घरच्या पोरीला गादीवर बसवलं. ते मी विसरले नाही. तिचं म्हणणं चूक होतं असंही मी कधी म्हटलं नाही.

सासऱ्यांनी दुकानाला एक रीत लावून दिली आणि ती आजवर मोडलेली नाही. नवा माल मांडणीवर लावण्याआधी घरच्या माणसाने तो दिवसभर अंगावर घालून काम करायचं. आरशासमोर उभं राहायचं नाही, काम करायचं. गठ्ठे उचलायचे, शिडी चढायची, जेवायचं, घाम काढायचा. संध्याकाळी त्याने सांगायचं, घ्यायचा की नाही. आधी सासरे स्वतः घालायचे. ते गेल्यावर हे काम आमच्या ह्यांच्याकडे आलं. हे सांगत काही नाहीत. मान उभी हलवली की माल ठेवायचा, आडवी हलवली की परत. इतकी वर्षं आमचं दुकान त्या मानेवर चाललंय.

आता ती डिझायनर बाई. नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. तिचा ड्रेस मिळाला नाही म्हणून बायका दिवसभर तोंड पाडून बसतात, एवढं मोठं नाव. आजवर तिने फक्त बायकांचं केलं. यंदा तिने पुरुषांचे कपडे काढले आणि कंपनीचा माणूस आमच्याकडे एक कोट आणि एक पँट नमुना म्हणून ठेवून गेला. आमच्या निम्म्या मांडण्या त्या मालाने भराव्यात अशी त्याची इच्छा. आमच्या धाकट्याचीही तीच.

धाकटा अंगाने हँगरसारखा आहे, त्याच्यावर गोणपाट टाकलं तरी शोभतं. त्याने कोट चढवला, कमरेवर हात ठेवून आरशात पाहिलं, आणि झाला त्याचा निर्णय. म्हणे, आई, हे नाव दारावर लागलं की शहराच्या दुसऱ्या टोकाहून लोक येतील. थोरलीने तोच कोट दोन बोटांत धरला, जसं मेलेलं काही उचलावं, आणि म्हणाली, बायकांचे कपडे करणारीने बायकांचेच करावेत. मी म्हटलं, मग मी जन्मभर पुरुषांचे कपडे विकते ते कोणत्या हक्काने? तिने कोट खाली ठेवला, पण मत काही हललं नाही. हट्ट माझ्याकडूनच घेतलाय.

त्याच सुमारास ऑपरेशनचं ठरलं आणि दुकान कोणाला हा विषय घरात, कोणी काढला नाही तरी, सगळ्यांच्या ताटात येऊन बसला. दोघांनाही हवं होतं. दोघांना मिळून देणं म्हणजे दुसरं कपाट जिन्याखाली उभं करणं. म्हणून मी जेवताना सांगून टाकलं: बाईचा माल घेण्याजोगा निघाला तर दुकान धाकट्याचं, नाही निघाला तर थोरलीचं. मला विचाराल तर मी थोरलीच्या बाजूने होते. नावाने भुलायचं माझं वय गेलं.

दुसऱ्या दिवशी दोघं माझ्यासमोर भांडायला उभे. मी एकच विचारलं, कोणी दिवसभर घातला? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. ज्या मालावर सगळं दुकान लागलंय तो दुकानाच्या रीतीला लावायलाच दोघं विसरले होते. मी जिन्यातून हाक मारली, अहो, खाली या, घाला.

आमच्या ह्यांचं पोट पुढे आहे, खांदे उतरते आहेत, आणि गठ्ठे वाहून उजवा खांदा डाव्याहून खाली आलाय. या माणसाला आजवर एकही कोट बसला नाही, आणि हे कोटांच्या दुकानात राहतात. खांद्याला बसला तर पोटावर लागत नाही. पोटावर लागला तर खांद्यावर असा लोंबतो की बुजगावणं बरं. थोरलीच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत हे हात पुढे बांधून उभे आहेत. लोक म्हणतात, काय नम्र माणूस. बटण लागत नव्हतं.

ह्यांनी बाईची पँट घातली, वर तिचा कोट घातला आणि कोटाचं बटण लागलं. आधी ह्यांचाच विश्वास बसला नाही. काढून पुन्हा लावलं. मग गठ्ठे उचलले, शिडी चढले, वरच्या फळीला हात नेला. एरवी हात वर गेला की सगळा कोट मागोमाग वर जातो आणि खालून सदरा बाहेर येतो. हा जागचा हलला नाही. शिलाईवालीने चष्मा लावून कोट आतून पाहिला आणि मला जवळ बोलावून दाखवलं. पुरुषांच्या कोटात असतात त्याहून जास्त शिवणी होत्या, छातीपासून पोटाला वळसा घालून खाली गेलेल्या. बायकांचं कापड अंग धरून कापतात, बाकीचे शिंपी पुरुषांचं कापड खांद्यावरून खाली सोडून देतात, जणू खाली माणूस नाहीच. बाईने पुरुषालाही पोट असतं हे धरून कापलं होतं.

धाकटा तेव्हाच गल्ल्यामागे जाऊन मालकासारखा बसला. थोरली म्हणाली, अजून संध्याकाळ व्हायचीय.

दुपारी पँटीने रंग दाखवला. हे स्टुलावर बसले की खिशातून किल्ल्या खाली. उचलल्या, ठेवल्या, पुन्हा बसले, पुन्हा खाली. फोन अर्धाच आत जाई. मागच्या खिशात रुमाल ठेवायला बराच वेळ धडपडत होते, शेवटी शिलाईवालीने सांगितलं, भाऊ, तो खिसा नाही, नुसती पट्टी शिवलीय. आता थोरली हसायला लागली आणि धाकटा गल्ल्यामागून उठला.

तेवढ्यात चौकातला बेकरीवाला आला. त्याचं पोट आमच्या ह्यांना मागे टाकेल असं. त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. दर वेळी येतो, चार कोट घालून बघतो, आणि टाय घेऊन जातो. आज त्याने ह्यांच्याकडे बोट दाखवून विचारलं, हा अंगावरचा कोणाचा? धाकटा उडी मारून पुढे. बाईचं नाव सांगितलं, तिची थोरवी सांगितली, कोट आणि पँट जोडीनेच घ्यायची असते हेही सांगितलं, जे त्याने तिथल्या तिथे बनवलं होतं. बेकरीवाला खिशातून पाकीट काढत होता.

आणि आमचे हे बोलले.

“पँट घेऊ नका.”

धाकटा म्हणाला, “बाबा, गिऱ्हाईक आहे समोर.”

“म्हणूनच सांगतोय,” हे म्हणाले. “कोट घ्या. पण नाव बघून नको, आधी घालून शिडी चढा. पँटीला खिसे नाहीत. ज्या बाईने केलीय तिच्या हातात कायम पर्स असणार.”

बेकरीवाला इतका हसला की त्याला स्टूल द्यावं लागलं. मग तो खरोखर ह्यांच्या अंगावरचा कोट घालून शिडी चढला. दोन्ही मुलं, मी आणि शिलाईवाली, चौघांनी शिडी धरली होती. वर पोहोचून त्याने दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, मागवा माझ्या मापाचा. तो कोट गेल्या आठवड्यात आला. लग्नात त्याच्या बायकोने त्याला दोनदा ओळखलं नाही, असं तोच सांगतो.

संध्याकाळी ह्यांनी कोट काढून स्वतःच्या हाताने हँगरला लावला. एरवी खुर्चीवर टाकतात. मी म्हटलं, काय, मान उभी की आडवी? हे म्हणाले, “आज दिवसभर मी पोट आत ओढलं नाही. लक्षातच राहिलं नाही.” मग म्हणाले, “बाई चांगलं कापते. तिला कोणीतरी खिशाचं सांगायला पाहिजे.”

लगेच धाकटा म्हणाला, कोट चांगला निघाला, मी जिंकलो. थोरली म्हणाली, पँट वाईट निघाली, मी जिंकले. दोघंही आपापल्या जागी खरे होते. पण त्याला नाव विकायचं होतं, हिला नाव पाडायचं होतं, आणि गिऱ्हाईक शिडीवर चढवायचं सुचलं ते तिसऱ्याच माणसाला. त्या माणसाला दुकान हवं का हे आजवर कोणी विचारलेलं नाही. बोलत नाही म्हणून सासऱ्यांनी त्याच्याकडून काढून मला दिलं. आता तो बोललाय, आणि जे बोलला त्यावर दुकान चालतं.

म्हणून हे दुकान, त्यातला माल, मांडण्या, आरसे आणि शिडी, सगळं मी माझ्या पतींच्या नावे करते. नणंदेला आनंद होईल. व्हावा. धाकट्याने दर्शनी खिडकी आणि खरेदी बघावी, थोरलीने गल्ला आणि हिशेब. दोघांनी संध्याकाळी बाबांच्या मानेकडे बघावं. त्यांच्या मागे दुकान कोणाचं, ते तेच ठरवतील. माझी अट मी परत घेतली आहे आणि त्यावर कोणी रुसू नये, रुसलं तर वरच्या खोलीत जाऊन रुसावं, गिऱ्हाइकासमोर नाही.

बाईच्या मालाबद्दल कोणी विचारलं तर दुकानाचं उत्तर असं: कोट घ्यावा, अंगात पोट असेल तर नक्की घ्यावा. पँट घेऊ नये. निम्म्या मांडण्या द्यायच्या नाहीत, एक मांडणी पुरे. कंपनीच्या माणसाला खिशाचं सांगितलं आहे. त्याने लिहून घेतलं, पण चेहऱ्यावरून तो बाईपर्यंत पोहोचवेल असं वाटलं नाही. नव्या पँटी आल्या तर पुन्हा दिवसभर घालून बघाव्यात. माणूस एकदा चुकला म्हणून त्याला दार बंद करू नये, नणंद सोडून.

कलम सहा. नमुन्याचा कोट कंपनीच्या माणसाकडून मी विकत घेतला आहे, म्हणजे तो कायद्याने माझा. तो मी पतींना देते, हा कागद उघडायची वाट न बघता. सोमवारी मी शुद्धीवर येईन तेव्हा त्यांनी तो घालून पलंगाजवळ उभं असावं. खाली आपली जुनी पँट घालावी, दुकानाच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतील. आणि मी नाहीच आले, तर मला पोहोचवायला जातानाही तोच घालावा. लोक बघतील तर बघू देत. हात पुढे बांधून उभं राहू नये. बटण लागतं.

वरचं सगळं मी वाचलं, मला पटलं, आणि माझ्या हाताने सही केली.

सही: दुकानाची मालकीण

साक्षीदार पहिला: शेजारचा घड्याळवाला. हा कागद अमलात आणायचं कामही त्याच्याकडे, कारण या बाजारात वेळेवर काही करणारा तो एकटा.

साक्षीदार दुसरा: चौकातला बेकरीवाला. सही करायला कोट घालून आला होता.

ठिकाण: दुकान, शिडीजवळचं टेबल.

तारीख: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार, दुकान उघडं असताना.