पुढच्या खोलीतली शेगडी

आईला, समुद्राकाठच्या या ओलसर गावाहून एनिडचा गोड पापा.

माझा खोकला गेला, लोकरीचा बनियनही घालते, तेव्हा काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे? शेजारचा क्लिफर्ड कोळसा आत आणून देतो ना, की नुसताच चहा पिऊन जातो?

बाबा ज्यांच्या कादंबऱ्या वाचून दाखवायचे आणि तू मोजे रफू करताना डोळे पुसायचीस, त्या पेनहॅलोबाईंचं घर आम्ही लोकांना दाखवायला पूर्वीसारखं करतोय. आमचे पेटिफरसाहेब पुढच्या खोलीत बाईंचं लिहायचं टेबल मांडणार होते. काल तिथली भिंतीतली शेगडी उघडली, तर धुराड्यात काजळीच नाही! पडदे कायम ओढलेले, म्हणून भिंतीवरच्या कागदाचा रंगसुद्धा उडालेला नाही. मला हसूच फुटलं.

"बाई इथे बसल्याच नाहीत," मी म्हटलं. "ही खोली पाहुण्यांसाठी राखलेली. शाई सांडलीय ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर."

"लोक तिकीट काढून स्वयंपाकघर बघायला येतील?"

"माझी आई तर तिथून उठायचीच नाही!"

साहेब फुरंगटलेत, पण ऐकलं.

आपलीही पुढची खोली अशीच. पाद्री आले किंवा नाताळ आला, तरच उघडायची. तिथल्या खुर्चीत बसायची बाबांना केवढी हौस! "गादी चेपेल" म्हणून तू उठवायचीस. शेवटी ते त्या खोलीत एक रात्र राहिले, तेही शवपेटीत.

रागावू नकोस. पण आई, तिथे जाळ कर आणि त्यांच्या खुर्चीत बैस. नाताळला येईन तेव्हा त्या शेगडीत मला राख दिसली पाहिजे.

तुझीच,
एनिड