कांजूरचा पट्टकादंब

१५ डिसेंबर
शी! आरशात बघवत नाही. कल्ले पांढरे झालेत आणि नव्या डायचं पाकीट अर्धं गायब. बायकोला, म्हणजे बेटीला, विचारलं. म्हणे, मला काय ठाऊक. या घरात तिला कशाचंच काही ठाऊक नसतं.

पण दिवस आपलाच! कांजूरच्या खाडीकाठी पट्टकादंब दिसला. हिमालय ओलांडून येणारा रानटी हंस! राखाडी अंग, नारिंगी पाय, पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे. पुस्तकात आहे तस्सा.

पक्ष्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. ॲडमिन सुबोध म्हणतो, जरा जाडा वाटतोय ना? जळतो मेला. रविवारी सगळ्यांना घेऊन येणार आहे. खरा निघाला तर नव्या वर्षापासून बर्ड वॉक मी लीड करणार. निघणारच.

१६ डिसेंबर
ठराव : रोज पहाटे पाचला उठून सवयी टिपायच्या. आज साडेनऊ झाले. थंडी फार होती.

सवयी : चरतो आणि हगतो. चरता चरताही हगतो. ई! त्यापेक्षा डंपिंग ग्राउंडचा वास परवडला. हिमालय ओलांडतोस ना, जरा तरी लाज बाळग!

फुसफुसत आला आणि माझी पँट धरली. रानटीच तो.

१८ डिसेंबर
उडत नाही. प्रवासाने दमला असणार. माझ्या हातचा पाव मात्र खाल्ला. विश्वास कमवावा लागतो.

बेटी म्हणाली, खाडीवर जातोसच तर मर्विनकडे डोकाव, आपला नाताळचा हंस कसा भरलाय बघ. अजिबात नाही! दरवर्षी आम्ही या मेव्हण्याच्या वाडीत हंस पोसायला ठेवतो. गेल्या वर्षी त्याने गुबगुबीत स्वतः ठेवला आणि हाडकुळा आम्हाला चिकटवला. किळस येते अशा माणसांची.

२१ डिसेंबर, रविवार
वाट लागली.

सगळा ग्रुप दुर्बिणी लावून उभा. मी हळू आवाजात हिमालयावर बोलतोय. तेवढ्यात मर्विन हाफपँटीत, भाताचं घमेलं घेऊन हजर. हाक मारली तसा पट्टकादंब धावत त्याच्या पायाशी. मर्विन सगळ्यांसमोर म्हणाला, मार्कसभाऊजी, हा तुमचाच की! यंदा अदलाबदल नको म्हणून बेटीने स्वतः येऊन त्याच्या डोक्याला डाय लावलाय.

सुबोधने हंसाचं डोकं पाहिलं. मग माझं.

२५ डिसेंबर
ठराव : त्या घाणेरड्या पक्ष्याला तोंड लावायचं नाही.

हंसाचं कालवण, आमचं मोईल, झकास झालं होतं. दोनदा घेतलं. बेटी म्हणाली, यंदा भरला होता ना? भरला होता.

ग्रुपवर सुबोधने विचारलंय, पट्टकादंब अजून कांजूरलाच आहे की पुढे गेला? उत्तर लिहायला बसलो. ढेकर आली.