रडायचं तर धुरात

रविवार, ६ सप्टेंबर १९६४
देवगाव रंगारीहून बैलगाडीनं रानाकाठच्या वस्तीवर पोचले. कॉलेजच्या संग्रहासाठी आठवडाभर नुसते पतंग धरायचे! आल्याआल्याच पळसाच्या खोडावर एक अनोळखी दिसला. राखी पंख, त्यांवर दोन तपकिरी रेघा, सोंड सुईसारखी. पुस्तकात सापडला नाही.

घरमालकीण दगडाबाई एकटीच राहते. खुंटीवर लहान मुलीची कुंची आहे. कुणाची, विचारलं तर म्हणाली, लोक म्हणत्यात तुझ्या लेकीची, मला तर काय आठवत नाय. काहीतरी लपवते आहे.

माझी शरयू शनिवारी मावशीबरोबर येईल. दहा वर्षांची झाली, तरी निघताना पदर सोडेना. तिची लाल रिबीन या वहीत खुणेला ठेवली आहे.

मंगळवार, ८
हा पतंग फुलांवर बसतच नाही. गोठ्यात बैलाच्या डोळ्याच्या कडेला बसून आसवं पितो. शरयूच्या आठवणीनं माझेही डोळे भरले, तशी दगडाबाईनं दंड धरून मला चुलीपुढं बसवलं. "रडायचं तर धुरात, बाई. धुरात त्यो पतंग येत नाय. आमच्यात समदे असंच रडत्यात. त्यो पाणी नाय पीत, ज्याच्यासाठी रडावं ते माणूस पितो."
मला हसू आलं. म्हातारीला मी रडलेली का चालत नाही?

बुधवार, ९
पतंगाची सवय नोंदवायची तर स्वतःवरच. दिवेलागणीला ओसरीवर शरयूला आठवत बसले, हलले नाही. आला. पापणीवर टेकला. सोंड गार. अकरा मिनिटं. नंतर किती हलकं वाटलं!

गुरुवार, १०
आज तीन आले. शरयूच्या गालावरची खळी उजवी की डावी? आठवेना. दगडाबाई चहात काही घालते का? सारखी चुलीपाशी बोलावते. आज चहा ओतून दिला.

शुक्रवार, ११
वहीत लाल रिबीन. कुणाची? मागची पानं वाचली. अक्षर माझं — पण मला मुलगी? हे दगडाबाईनं लिहिलं. लिहाया येत नाय म्हणते — खोटं. भीतीनं रडू फुटलं, आणि ते आले —

शनिवार, १२
बहीण आली. सोबत एक मुलगी. धावत येऊन मला ‘आई’ म्हणाली. मी मागं सरले.

ती ओसरीवर रडते आहे. दगडाबाई चूल फुंकते, ओरडते, पोरीला आत घ्या — लाकडं ओली, धूर होईना —

हे लिहून ठेवते, नाहीतर जाईल —

मुलीच्या पापणीवर राखी पंख. मी हाकलते — नाव घेऊन बोलवावं — नाव मागच्या पानावर —

शरयू! शरयू —

रडं थांबलं. डाव्या गालावर खळी. माझ्याकडं बघून विचारते, बाई, तुम्ही कोण —